मॅक घेऊ का, आत्या?

मे महिन्यातल्या लग्नांच्या तारखा आटोपल्या, पार्ट्यांकडची, म्हणजे गिऱ्हाइकांकडची, बाकी वसूल झाली, की आमच्या भागातल्या तरुण फोटोग्राफरांच्या डोक्यात मॅक, म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर, शिरतो. यंदा सुरुवात घरातूनच झाली. मामेभावाचा मुलगा पारोळ्याला स्टुडिओ चालवतो. त्याचा मेसेज आला, "आत्या, मॅक लेवाना शे. हप्तावर भेटी ऱ्हायना. तू काय म्हनस?" म्हणजे मॅक घ्यायचाय, हप्त्यांवर मिळतोय. उत्तर लिहायला बसले आणि ते काही मेसेजात मावेना. शिवाय हेच विचारणारे आणखी काही जण आहेत, त्यांनीही इथेच वाचावं.

मी फोटो काढत नाही. अमळनेरला घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाईन करते. पारोळा, धरणगाव, चोपडा, शिरपूर, कधी धुळे, असं काम येतं. कुणी हार्ड डिस्क आणून देतं, कुणी ड्राइव्हची लिंक पाठवतं. बारा बाय छत्तीसची शीट लावायची, पार्टीकडून पास करून घ्यायची आणि छापायला लॅबला पाठवायची, हा माझा धंदा. त्यामुळे सगळ्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर तयार झालेले फोटो माझ्या एकाच टेबलावर येतात, आणि कोणता कुठे एडिट झाला हे मला कुणी सांगत नाही.

तरी मॅकवाला मी लगेच ओळखते. फोटोवरून नव्हे, कचऱ्यावरून. त्याचा पेन ड्राइव्ह माझ्या विंडोजला लावला की प्रत्येक फोटोच्या जोडीला त्याच नावाची, सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोर असलेली, चार केबीची फाइल दिसते. स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट न केलेल्या ड्राइव्हवर मॅक आपली जादा माहिती अशी वेगळी ठेवतो. सिलेक्शनचे सहाशे फोटो बाराशे दिसतात. ते सगळे एकदम फोटोशॉपमध्ये ओढले की निम्म्यांवर एरर. आधी त्या फाइली सर्चने शोधून उडवायच्या, मग कामाला लागायचं. हा कचरा नसता तर अमुक फोटो मॅकवर झाला हे मला छातीठोकपणे कधीच सांगता आलं नसतं.

मग मॅकचं एवढं नाव कशामुळे? ते फुकटचं नाही, एवढं मान्य केलं पाहिजे. फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आलं ते फक्त मॅकसाठी. विंडोजवर यायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. त्याआधी १९८५ पासूनच पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि लेझर प्रिंटर यांमुळे छपाईवाले मॅककडे वळले होते. स्क्रीनपासून प्रिंटपर्यंत रंग एकसारखे राहावेत याची सोयही १९९३ मध्ये मॅकमध्ये होती. त्या काळात जाहिरातीचं किंवा मासिकाचं काम करणाऱ्याने दुसरं काही घेतलं असतं तर अडचणच झाली असती. तेव्हाचं ते खरं होतं. पण लाइटरूम, फोटोंचा रंग-उजेड सुधारायचं सॉफ्टवेअर, २००७ मध्ये आलं ते दोन्हींसाठी एकदम. आज फोटोशॉप, लाइटरूम, कॅप्चर वन यांपैकी काहीही घ्या, स्लायडर तेच आणि एक्स्पोर्ट झालेली जेपीजीही तीच. उलट ॲपलने २००५ मध्ये खास फोटोग्राफरांसाठी ॲपर्चर काढलं आणि २०१४ मध्ये ते बंद करत असल्याचं सांगून टाकलं. ज्यांनी वर्षानुवर्षांचं काम त्यात रचून ठेवलं होतं, त्यांना बाडबिस्तरा उचलून लाइटरूममध्ये यावं लागलं.

आता रंगाचं. मॅकवर रंग "खरे" दिसतात, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर जरा सविस्तरच लिहिते.

गेल्या हंगामातलं एक लग्न. ट्रॅडिशनल, म्हणजे विधींचे नेहमीचे फोटो, करणारे भाऊ धुळ्याचे, जुन्या असेंबल्ड पीसीवर काम करणारे. कॅन्डिडसाठी नवरदेवाने पुण्याहून मुलगा बोलावलेला, त्याच्याकडे मॅकबुक प्रो, ॲपलचा लॅपटॉप. दोघांचे हळदीचे फोटो एकाच शीटवर लावायचे होते. धुळ्याच्या भाऊंच्या फोटोत हळद छान पिवळी, पण नवरीच्या गालावर आणि कपाळावर गुलाबी झाक. मांडवाला वरून गुलाबी कापड होतं, त्यातून गाळून आलेलं ऊन अंगावर पडलेलं. भाऊंना ते त्यांच्या मॉनिटरवर दिसलंच नाही, कारण तो मॉनिटर मुळातच हिरवट-निळसर. त्यावर डोळ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी सवयीने थोडा गुलाबी आणखी वाढवलेला.

पुण्याच्या मुलाचे फोटो माझ्या स्क्रीनवर सुरेख दिसले. पण हॉलमध्ये लावायच्या मोठ्या फ्रेमसाठी त्याने शालूतला एक फोटो परस्पर लॅबला पाठवला होता. तो छापून आला तेव्हा डाळिंबी शालू विटकरी झालेला. नवरीची आई माझ्यासमोर फ्रेम धरून उभी, "शालूना रंग असा नवता वं ताई." मुलगा म्हणाला, लॅब बेकार आहे. मी त्याची फाइल उघडली. कलर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कोणत्या रंगपट्टीचे ते सांगणारी नोंद, डिस्प्ले पी-थ्री. मॅकच्या आताच्या बहुतेक स्क्रीन याच रुंद, म्हणजे जास्त गडद रंग दाखवणाऱ्या, पट्टीच्या असतात. मुलाने एक्स्पोर्टलाही तीच निवडली. आपल्याकडच्या बहुतेक अल्बम लॅबना मात्र एसआरजीबी लागतं, १९९६ मध्ये ठरलेली जुनी आणि अरुंद पट्टी. मशीनने आलेले आकडे एसआरजीबीचे समजून छापले, त्यामुळे जिथे रंग सगळ्यात गडद तिथेच तो सगळ्यात जास्त उतरला. हळद, झेंडू, शालू, म्हणजे आपल्या लग्नात जे जे असतं ते सगळं. फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइलने एसआरजीबीत बदलून तोच फोटो पुन्हा पाठवला, आणि शालू पुन्हा डाळिंबी झाला. पाहुण्यांच्या आयफोनवरून आलेल्या फोटोंनाही हीच पट्टी असते, तेही आधी बदलून घेत जा.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीन साधारण ८० ते १२० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवावी असं मानतात. नवं मॅकबुक एअर ५०० निट्सपर्यंत जातं. पोरं फुल ब्राइटनेसवर बसतात, फोटो उजळ दिसतो म्हणून एक्स्पोजर खाली ओढतात, आणि अल्बम काळवंडून येतो. म्हणजे जितकी भारी स्क्रीन, तितका फसण्याचा वाव जास्त. यावर इलाज एकच, कॅलिब्रेटर. स्क्रीनवर टेकवायचं छोटं यंत्र असतं, ते रंग मोजून त्या स्क्रीनचं प्रोफाइल बनवतं. मॅकला चालतं, विंडोजलाही चालतं. एकट्याने घ्यायला महाग वाटत असेल तर तिघाचौघांनी मिळून घ्या. महिन्यातून एकदा तर लागतं.

या वादात कुणीतरी चाळीसगावचे जुने फोटोग्राफर केकी मूस, म्हणजे बाबूजी, काढतंच. "बाबूजींकडे कुठे कॉम्प्युटर होता?" नव्हताच. ते ३१ डिसेंबर १९८९ ला गेले आणि फोटोशॉप त्यानंतरच्या फेब्रुवारीत आलं. पण साधनांना किंमत नसते याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेतलेलं मला पटत नाही. ते टेबलटॉप करायचे. लहानसहान वस्तू टेबलावर मांडून अख्खं दृश्य उभं करायचं, तेही बघणाऱ्याला टेबल आहे असा संशय न येता. अशा फोटोत दिवा कुठे ठेवायचा आणि सावली किती लांब पाडायची, सगळं फोटोग्राफरच्या हातात. त्यांनी कष्ट घेतले ते बटण दाबण्याच्या आधी. आमच्या गुलाबी मांडवाचंच बघा. नवरीचा पाट चार हात सरकवून पांढऱ्या कापडाखाली घेतला असता, किंवा सुरुवातीला एक करडं कार्ड धरून व्हाइट बॅलन्स घेतला असता, म्हणजे त्या उजेडात पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला दाखवलं असतं, तर धुळ्याला काय किंवा पुण्याला काय, कुणाला काही दुरुस्त करावं लागलं नसतं. घाई असते, गुरुजी ओरडत असतात, हे मला कळतं. तरी पाट सरकतो.

आता भाच्या, तुझ्या कामाचं ऐक. तुझ्याकडे फक्त फोटो नाहीत. मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओची जोडणी, तू बाहेर करून घेतोस, आणि आपल्याकडचे बहुतेक मिक्सिंगवाले एडियस या सॉफ्टवेअरवर आहेत. एडियस फक्त विंडोजवर चालतं. गाण्यांचे सगळे तयार प्रोजेक्ट त्यातलेच. मॅकवरचं फायनल कट तू शिकलास तरी तुझा प्रोजेक्ट त्याच्याकडे उघडणार नाही. पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा तुझं दुकान चालतं वाढदिवसाच्या आणि पुढाऱ्यांच्या बॅनरवर. ते कोरलड्रॉमध्ये. कोरल मॅकवर बरीच वर्षं नव्हतं, २०१९ मध्ये परत आलं. पण तुझ्या जुन्या फाइलींमध्ये जे श्रीलिपीचे फॉन्ट आहेत त्यांची घडी विंडोजवर बसलेली आहे. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी आता दोन्हीकडे नीट येतं, व्हर्जन जुनं असेल तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की जोडाक्षरं तुटत नाहीत. तेवढ्यापुरती तक्रार नाही. आणि विंडोजच्या पद्धतीने, एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेल्या तुझ्या सगळ्या जुन्या हार्ड डिस्क मॅक वाचेल, पण वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहिणार नाही. दोन्हीकडे फिरवायच्या असतील तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या लागतात.

मग आपला उन्हाळा. ॲपल स्वतःच मॅकबुकसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडे ऐन लग्नसराईत बाहेर ४४-४५, आणि तुझ्या पत्र्याच्या छताखालच्या स्टुडिओत काय असतं ते तुला माहीत आहे. विंडोजच्या लॅपटॉपचंही फार वेगळं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण मॅकबुक एअरला पंखाच नाही. फोटोंचा मोठा लॉट एक्स्पोर्टला लावला की ते तापतं आणि स्वतःला वाचवायला हळू होतं. डेस्कटॉपचा डबा मोठा, पंखे मोठे, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ बसली तर ब्लोअर मारून साफ करता येतो. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, जळाला तर सकाळची गाडी धरायची, जळगावला गोलाणी मार्केटमधून नवा आणायचा, दुपारी काम सुरू. मॅकची रॅम मात्र घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. ॲपलचं स्वतःचं दुकान २०२३ मध्ये मुंबईत उघडलं, नंतर पुण्यात. पारोळ्याहून दोन्ही सारखीच लांब.

मॅक कुणी घ्यावा, तेही सांगते, नाहीतर म्हणशील आत्या जुन्या वळणाची. जो एकटा फिरतो, आज उदयपूर उद्या गोवा, रात्री हॉटेलात बसून दुसऱ्या दिवशीच्या रीलचं काम करतो, त्याने जरूर घ्यावा. २०२० मध्ये ॲपलची एम-वन चिप आल्यापासून बॅटरीच्या बाबतीत त्यांनी बाकीच्यांना मागे टाकलंय. आणि एक कारण कुणी उघड बोलत नाही. पुण्या-मुंबईत आयटीत असलेली आपलीच पोरं प्री-वेडिंगच्या बुकिंगला येतात तेव्हा टेबलावर काय उघडं आहे ते बघतात. सफरचंद दिसलं की भाव करायला जरा लाजतात. मला यात काही चुकीचं वाटत नाही. मांडवात सुटाबुटात जाणं हाही धंद्याचाच भाग आहे. फक्त तो खर्च जाहिरातीच्या खात्यात लिही, फोटोच्या नको.

अगदीच मॅक पाहिजे असेल तर एम-फोरचा मॅक मिनी बघ. भारतात ५९,९०० पासून आला होता, १६ जीबी रॅमसह. त्यात डिस्क २५६ जीबीची, आणि तुझं एक लग्न, दोन कॅमेऱ्यांचे रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या मोठ्या फाइली) आणि व्हिडिओ धरून, तेवढ्यात कसंबसं बसेल. म्हणजे बाहेरच्या डिस्क आल्याच. जुन्या बाजारात जे आठ जीबीचे मॅकबुक स्वस्तात फिरतायत त्यांच्या नादी लागू नको. आणि ज्या मॉडेलच्या हप्त्यांचं तू बोलतोयस ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

माझ्या मते तू आहे त्याच पीसीला ३२ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड घाल. लाइटरूमचं डीनॉइझ, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोंतले दाणे काढणं, सगळं कार्डावरच चालतं, संध्याकाळच्या वरातीचे फोटो तुला तिथेच अडकवतात. मग एक चांगला आयपीएस मॉनिटर (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा), डेटा दोन ठिकाणी ठेवायला दोन डिस्क, आणि एक धड यूपीएस, कारण लाइट कधी जाईल ते तुलाही माहीत नाही आणि वायरमनलाही. एवढं करूनही हप्त्याच्या निम्मे पैसे उरतील असा माझा अंदाज आहे.

कॅलिब्रेटर माझ्याकडे आहे. आषाढात मला काम कमी असतं, येताना घेऊन येईन. त्याआधी स्क्रीन पुसून ठेव, मागच्या वेळी त्यावर कुंकवाचं बोट होतं.