आगीआधी वाजणारा भोंगा: बॅटरी सुरक्षेच्या कंपनीत पैसे घालण्यापूर्वीची तपासणी

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. कापसाच्या गंजीला लागलेली आग जवळून पाहिलेली असल्यामुळे, लिथियम बॅटरी पेटण्यापूर्वी सेलमधून सुटणारा वायू ओळखून इशारा देणाऱ्या उपकरणाच्या एका लहान कंपनीचा प्रस्ताव पुतण्याच्या ओळखीतून आला, तेव्हा तो मी बाजूला सारला नाही.

शेअर खाजगी वाटपाचे, म्हणजे निवडक लोकांनाच देऊ केलेले होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार असा प्रस्ताव नावानिशी द्यावा लागतो, पैसे बँकेतूनच घ्यावे लागतात आणि ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. व्हॉट्सॲपवर आलेले सादरीकरण म्हणजे प्रस्तावपत्र नव्हे, म्हणून रीतसर पत्र मागितले, ते मिळाले. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून ताळेबंदही पाहिले. विक्री किरकोळ होती, उत्पन्नाचा मोठा भाग अनुदानाचा होता आणि उपकरण विकसित करण्याचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवला होता. विकासाच्या टप्प्यातील खर्च काही अटींवर तसा दाखवता येतो, संशोधनाचा येत नाही. पण कोणता खर्च कशाचा, याचा खुलासा ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये नव्हता. तो आकडा वगळला, तर कंपनीच्या नक्त मालमत्तेत, म्हणजे देणी वजा करून उरणाऱ्या मालमत्तेत, फारसे काही उरत नव्हते. ‘पेटंटप्राप्त’ म्हटलेल्या तंत्रज्ञानाचा अर्ज पेटंट कार्यालयाच्या नोंदीत केवळ प्रकाशित झालेला दिसला. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रकाशित होतोच. पेटंट मंजूर होणे ही त्यापुढची गोष्ट.

खरा प्रश्न गिऱ्हाइकाचा होता. सादरीकरणात विदर्भातील सगळ्या ई-रिक्षा बाजारपेठ म्हणून मोजल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. सीट उचलून दाखवताना एक चालक म्हणाला, “काकाजी, लिथियम कुठची, ह्या तं पाण्याच्या बॅटऱ्या हायेत.” खाली हिरवट बुरशी चढलेले टर्मिनल आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता, शेजारच्या रिक्षांतही तेच. या शिसे-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि तापलेल्या लिथियम सेलमधून निघणाऱ्या वायूंतही हायड्रोजन असतो. म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच शेडमध्ये चार्जिंगला लागल्या, तर भोंगा विनाकारण वाजणार की नाही, हे कंपनीने सांगायला हवे होते. विचारल्यावर उत्तर आले ते ‘सॉफ्टवेअर सांभाळते’ एवढेच.

दुसरी शंका उन्हाची. बहुतेक लिथियम सेलना चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सियस ही वरची मर्यादा सांगितलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा तिथे पोहोचतो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. आमच्या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या आवारात तर कापसाची धूळही हवेत असते. मागितलेला चाचणी अहवाल आला तो सेल पुरवणाऱ्याच्या सेलचा होता, वायू ओळखणाऱ्या या सेन्सरचा नव्हता.

कंपनीचा सगळा भर एआयएस-१५६ या, विजेवरच्या दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरी सुरक्षेच्या भारतीय मानकावर होता. २०२२ मधील विजेवरच्या स्कूटरच्या आगींनंतर ते कडक झाले आणि त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला, हे खरे. पण ते मानक धोक्याचा इशारा मागते. तो वायूच्या सेन्सरनेच द्यावा, असे बंधन घालत नाही. तापमानाच्या सेन्सरवर काम भागत असेल, तर गाडी बनवणारा जास्तीचा खर्च का करील? याचे उत्तर एखाद्या उत्पादकाच्या खरेदी आदेशातच मिळाले असते. तसा आदेश नव्हता.

पैसे दिले नाहीत, मात्र दारही लावले नाही. लिथियमवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकीवर, आमच्या चार्जिंग शेडमध्ये, एप्रिल ते जून उपकरण लावून प्रत्येक इशाऱ्याची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये ठेवावी, आणि शेअर विक्रीच्या पुढच्या फेरीच्या प्रस्तावाला ती नोंद जोडावी, असे मी कंपनीला पत्राने कळवले आहे. तिच्या संचालकांनी होकार दिला असून उपकरणाचा खर्च कोणी करायचा, यावर बोलणी चालू आहेत.