आठशे रुपयांची वाढ

मी नागपुरात मानेवाड्याकडे भाड्याच्या घरांचं न अॅग्रीमेंटचं काम करतो. अकरा महिने संपत आले की भाडं वाढवायचं का, किती, यावरून किटकिट चालूच असते, पण हुडकेश्वर रोडच्या काकांकडचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

काका रिटायर्ड, वर एक फॅमिली, भाडं 8,000. भाडेकरू हिंगणा एमआयडीसीत कामाला, ओव्हरटाइम बंद झालेला आणि त्यातच लेकराचं ऑपरेशन. काकांना दहा टक्के वाढ पाहिजे होती, आणि त्यात चुकीचं काय, घरटॅक्स आहे, गच्ची गळते, पेन्शन पुरत नाही. तो म्हणे, "काका, कायद्यात तर चारच टक्के आहे न जी." मी सांगितलं, भाऊ, ते 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं, महाल-इतवारीतल्या जुन्या भाडेकरूंना लागते, आपलं लीव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, इथं कागदावर जे ठरन तेच.

तो काहीच बोलला नाही. मोबाईल काढला न वर्षभराचे भाड्याचे मेसेज काकांसमोर सरकवत गेला. दर महिन्याला पाच तारखेच्या आत. ऑपरेशनच्या महिन्यात दोन तुकड्यांत, पण पूर्ण.

मग मी काकांना हिशोब मांडून दिला. आठशे वाढले तर अकरा महिन्यांचे 8,800. हा निघून गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं की 8,000 तिथंच गेले, वरून रंगरंगोटी, माझी दलाली वेगळी, आणि नवा माणूस कसा निघन कोणाला माहीत. माझं तर नुकसानच होतं यात, पण मला मनापासून वाटते की वेळेवर भाडं देणाऱ्या माणसावर नेमक्या अडचणीच्या महिन्यात वाढ टाकू नये. वाढच नको असंही नाही, चार-चार वर्षं गप्प बसून एकदम दोन हजार मागणारे मालक मी पाहिलेत, त्यात भाडेकरूचं कंबरडंच मोडते. थोडी वाढवा, आधी सांगा, तारीख टाकून कागदावर घ्या.

काका बराच वेळ काकूंकडे पाहत होते. काकूच म्हणाल्या, "पोराचे टाके तरी सुकू द्या."

पहिले सहा महिने 8,000, पुढचे पाच 8,400, असं दोघांच्याही सहमतीनं लिहिलं, आधार नंबर टाकले, मशीनवर अंगठे घेतले. गच्चीचं काम पावसाळ्याआधी करायचं, हेही काकांनी कबूल केलं.