सहाव्या दिवसाच्या आत

गोवराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा तो रुग्ण एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये बसून गेल्याला पाचवा दिवस लागला होता. साथरोग विभागात काम करणाऱ्याच्या पोटात गोळा यायला एवढी माहिती पुरते. माणूस उठून गेल्यावरही गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे त्या वेळात तिथे आलेला प्रत्येक जण संपर्कातला. ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. ती मुदत उलटून गेली होती. उरलं होतं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, तेही संपर्कानंतर ६ दिवसांच्या आत, आणि ज्यांच्या जिवाला धोका जास्त त्यांच्यासाठी.

संपर्कातल्या लोकांना फोन करायची यादी माझ्याकडे आली. कुणी फसवणुकीचा फोन समजून कट केला, कुणी रुग्णाचं नाव सांगा म्हणून हटून बसलं. ते सांगता येत नाही, कितीही शिव्या खाल्ल्या तरी. हे सगळं रोजचंच.

मग तीन महिन्यांच्या बाळाची आई फोनवर आली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गोवराची लस देत नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी ते इंजेक्शन हाच मार्ग होता. मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "ताई, मी त्याला लस द्यायलाच तर नेलं होतं हो तिथे."

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलेलं नाही. बाळ आत्ता ठीक आहे ना? मग कागद-पेन घ्या, मी फोन ठेवत नाही." तिने पत्ता लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज दोनदा फुटला. रुग्णालयाला मी आधीच कळवून ठेवलं, बाळाला रांगेत बसवू नका, वेगळ्या दाराने आत घ्या. संपर्काच्या पाचव्या दिवसापासून ते बाळही इतरांना संसर्ग देऊ शकतं असं आम्ही धरून चालतो.

त्यानंतर पुढचा नंबर लावायला माझा हात उचलेना. समोर यादी होती, नावं दिसत होती, पण मी नुसती बघत बसले होते.

आमच्या वरिष्ठ मॅडम शेजारी येऊन बसल्या. "उरलेली नावं मला दे," म्हणाल्या. एकेक नाव मोठ्याने वाचलं, प्रत्येकापुढे स्वतःची सही केली. "बाळाचं काय झालं ते रात्री मी विचारीन. तू नाही. तू घरी जा, जेव, झोप." तेव्हा मला ते लागलं. ती केस माझी होती. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की मी फोन हातात धरून बसलेली नाही, कारण ते नाव आता दुसऱ्या माणसाच्या सहीखाली होतं. रात्री उशिरा त्यांचा मेसेज आला: इंजेक्शन मिळालं, बाळ घरी गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा तणाव दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम, अशी त्याची मांडणी आहे. गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या त्याच्या तीन खुणा. मला ही मांडणी मनापासून पटते, कारण ती बोट माणसाच्या कमकुवतपणाकडे नाही, कामाच्या रचनेकडे दाखवते. श्वसनाचे व्यायाम मी करते, त्यांनी झोप येते. पण आठ फोन अर्धवट राहिले असतील आणि ते कोण करणार हे ठरलेलं नसेल, तर मध्यरात्री डोळे उघडतातच.

आता पाळी संपताना आम्ही उरलेली यादी मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक नावापुढे पुढच्या माणसाची सही घेतो. रात्री मात्र अजूनही एकच जण फोनवर असतो, आणि त्याने यादी कुणाकडे द्यायची याला उत्तर नाही. दुसऱ्या माणसाची मागणी मी पुन्हा लेखी केली आहे. सोबत त्या दिवसाची यादी जोडली आहे, नावं झाकून, फोनच्या वेळा तशाच ठेवून.