थ्री नॉट थ्रीचा नेम लाकडात असतो

माझा पुतण्या टेक्सासला असतो, त्यानं मागं एक जुनी थ्री नॉट थ्री रायफल घेतली. तिकडं लष्करातनं निघालेला सरप्लस माल दुकानात मिळतो. आपल्याकडं हे बोअर, म्हणजे नळीचं हे माप, सिव्हिलियनला बंद आहे, तेव्हा कोरेगाव-वाईकडच्या कुणी हे वाचून "आप्पा, एखादी बघा ना" म्हणून फोन करू नका. रायफल मात्र आपलीच, बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. बोल्टच्या मागं उजव्या बाजूला मुकुट, जीआरआय (इंग्रज राजाची अक्षरं), खाली इशापूर आणि 1943. एवढ्या लांब गेलेली बघून बरं वाटलं खरं.

त्याची तक्रार अशी की ग्रुपच बसत नाही, 100 यार्डावर सात-आठ इंचात गोळ्या पसरतात आणि त्यापण जास्त करून वरखाली. आणि त्यावर त्यानं उपाय पण ठरवून टाकलेला, वर भोकं पाडून स्कोप बसवायचा. म्हणलं थांब लेका, स्कोपनं तुला लांबचं दिसंल, गोळी कुठं जायची ते नाही ठरणार. आधी लाकूड उघड.

माझी अख्खी नोकरी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून गेली, शेवटी शेवटी एनसीसीच्या कोतात (हत्यारांच्या खोलीत) होतो, त्यामुळं ह्या रायफलीबद्दल जरा जास्तच बोलतो मी, सहन करा. 2008 ला मुंबईत पोलिसांच्या हातात टीव्हीवर दिसली तेव्हापासनं सगळ्यांनी तिला दांडकं ठरवून टाकलं. आता एके सत्तेचाळीसपुढं बोल्ट ओढत बसायची रायफल कमी पडणारच की, पण म्हणून नेमाला वाईट कशी काय?

तर लाकूड. ही रायफल तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली असते आणि आतली नळी तशी बारीकच. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात, एवढंच गणित. ऐंशी वर्षं तेल पिऊन, वाळून, फुगून, परत वाळून लाकूड बदलतं आणि ते गणित बिघडतं. लोखंडाला फार काही झालेलं नसतं बऱ्याचदा.

व्हिडिओ कॉल लावून बसलो. ह्या पठ्ठ्यानं पहिलाच हात घातला तो बटाच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या लाकडाच्या, लांब स्क्रूला. ओरडलोच मी. ह्या मॉडेलमध्ये त्या स्क्रूचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या, म्हणजे फोरएंडच्या, मागच्या पट्टीत अडकलेलं असतं, ते तसंच फिरवलं की फोरएंड मागनं चिरतो. आधी नोजकॅप (तोंडाजवळची लोखंडी टोपी), बँड (लाकूड धरून ठेवणारी कडी), ट्रिगर गार्ड काढून फोरएंड खाली उतरवायचा, बटाला हात सगळ्यात शेवटी, आणि खरं तर गरज नसली तर लावायचाच नाही.

फोरएंड निघाला, मग त्याला आतनं मागची दोन टोकं उजेडात धरायला लावली. दणका बसतो तेव्हा लोखंड ह्या दोन जागी लाकडाला रेटतं, इंग्रजीत ड्रॉज म्हणतात त्यांना. दोन्हीकडं सारखं टेकलं पाहिजे. आम्ही काजळी लावून बघायचो, त्यानं बायकोची लिपस्टिक लावली (नंतर घरात काय झालं ते इथं लिहीत नाही). परत बसवून काढलं तर रंग फक्त डावीकडं उमटलेला, उजवीकडचं लाकूड काळं पडून मऊ झालेलं, नखानं दाबलं तर खड्डा पडतोय. म्हणजे दर गोळीला सगळं अंग एका बाजूला वळतंय आणि परत कुठं येऊन बसंल त्याचा नेम नाही. आता ह्यावर स्कोप काय करणार सांगा.

ऑस्ट्रेलियात लिथगोला हीच रायफल बनायची, तिथलं लाकूड मऊ म्हणून कारखान्यातच ह्या जागी तांब्याच्या चकत्या घालायचे. आम्ही कुजका भाग चौकोनी कोरून काढायचो आणि टणक लाकडाचा तुकडा चिकटवायचो. त्यानं तेच केलं, एपॉक्सीनं. मग घासायचं, रंग लावायचा, बसवायचं, काढायचं, परत घासायचं, दोन्हीकडं सारखा रंग येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे पण निम्मा नेम इथंच आहे.

उरलेला पुढं. नोजकॅपजवळ लाकडात एक छोटा स्टड असतो, खाली स्प्रिंग, तो नळीला खालनं वर ढकलून धरतो. आणि मधल्या बँडचा स्क्रू स्प्रिंगच्या जोरावर नळीला खाली लाकडात ओढतो. ह्याच्या रायफलीत स्टड होता, स्प्रिंगच नव्हती, कुणीतरी कधीतरी जोडताना हरवली असणार. आणखी एक, ट्रिगर गार्डच्या पुढच्या मोठ्या स्क्रूभोवती एक नळकांडं असतं. लाकूड आकसलं की स्क्रू त्या नळकांड्यावर जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतं आणि आत लाकूड ढिलंच राहतं. मग नळकांडं अगदी थोडं घासायचं. लाकडाला वरनं पॉलिशपेपर मारायचा नाही, व्हार्निश तर अजिबात नाही, जवसाचं कच्चं तेल हातानं चोळायचं, बास.

आता गोळी. कागदावर सगळ्या नळ्या सारख्या, पण युद्धाच्या घाईत बनलेल्या नळ्या मापाला सैल निघतात. नळीत पाच खाचा असतात, पाच म्हणजे समोरासमोर खाच येतच नाही, त्यामुळं शिशाची गोळी ठोकून बाहेर काढली तरी साध्या मायक्रोमीटरनं माप धड मिळत नाही. बाजारातली बुलेट .311 इंचाची, नळी झिजलेली असंल तर .312 किंवा .313 घेऊन बघायची, आणि बूड सपाट असलेली घ्यायची. निमुळत्या बुडाची बुलेट झिजल्या नळीत नाचते. जुनी लष्करी मार्क सेव्हन गोळी पण 174 ग्रेन वजनाची, सपाट बुडाचीच होती.

जुना लष्करी ॲम्युनिशन नेमासाठी नकोच. बुडावर केएफ छापलेली राउंडं बघितली की मला आमचा खडकीचा दारूगोळा कारखाना आठवतो, त्यातली शेवयांसारखी कॉर्डाइट दारू पण आठवते, पण एवढ्या वर्षांनी त्यातला एक राउंड लगेच उडतो आणि दुसऱ्याला टिक होऊन मग धाड होतं. टिक झालं आणि उडला नाही तर तोंड टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच बोल्ट उघडायचा नाही. (आणि विकत घेतलेली कुठलीही जुनी रायफल आधी जाणकाराकडनं हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर राउंडाला उरणारी जागा) तपासून घ्यायची, हे नेमाच्या पण आधी.)

मजा बघा, ह्या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूनं अडकतो, त्यामुळं अंग जरा लवचिक. 100 यार्डावर हा दोष, पण 900-1000 यार्डावर हाच गुण होतो. हळू गोळी नळीत थोडी उशिरापर्यंत राहते आणि तेवढ्यात तोंड वर गेलेलं असतं, म्हणून वेगातला फरक लांबवर आपोआप भरून निघतो.

100 वर गोळी वर लागली म्हणून घाबरू नका, बॅकसाइटची सुरुवातच 200 यार्डापासनं आहे. उंच फोरसाइट बसवायची. गोणीवर टेकवताना नळीचं तोंड टेकवायचं नाही, मॅगझीनच्या पुढचं लाकूड टेकवायचं. ट्रिगरला दोन दाब आहेत, पहिला घेऊन थांबा, नेम बघा, मग दुसरा. आणि मधनं मधनं गार होऊ द्या, तापली की लाकूड परत खेळ करतं.

आता त्याचा ग्रुप तीन इंचाच्या आत येतो, कधी दोनाच्या जवळ पण. स्कोपचं नाव काढलेलं नाही.

साफसफाईचं एक राहिलं. जुन्या राउंडाच्या बुडाच्या टोपीत, जी दारू पेटवते तिच्यात, क्लोरेट असतं, ते जळून नळीत मीठ राहतं, आणि मीठ तेलात विरघळत नाही. आधी नळीतनं उकळतं पाणी सोडायचं, मग पुलथ्रूला (नळीतनं ओढायच्या दोरीला) कोरडी चिंदी, मग तेलाची. टेक्सासच्या कोरड्या हवेत एखादा दिवस कंटाळा चालून जाईल, साताऱ्याच्या जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळी चिंदी तांबडी निघते. आणि पाणी फनेलनंच ओता, फोरएंडमध्ये मुरलं तर परत लिपस्टिक शोधायची वेळ येईल.