ॲक्सोलॉटलचे कल्ले वाचायला शिका

ॲक्सोलॉटलच्या चेहऱ्यावरचं हसू ही निव्वळ त्याच्या जबड्याची ठेवण आहे. पाणी १८ अंशांवर असो की ३० वर, चेहरा तोच राहतो. म्हणून दुकानात "बघा, किती खूश आहे" असं कुणी म्हटलं तर तिकडे लक्ष देऊ नका. नजर न्या डोक्यामागच्या पिसांसारख्या कल्ल्यांकडे, शेपटीच्या टोकाकडे आणि कातडीकडे. हा प्राणी जे काही सांगतो ते तिथेच सांगतो.

हा मासा नाही, सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकाच्या नात्यातला उभयचर. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते, पाय फुटतात आणि ते पाण्याबाहेर येतं. ॲक्सोलॉटल मात्र डिंभकाच्याच, म्हणजे पिल्लाच्याच रूपात वयात येतो आणि जन्मभर पाण्यात राहतो, कारण रूपांतर घडवून आणण्याइतकं थायरॉइड संप्रेरक त्याच्या शरीरात वाढतच नाही. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले होते. त्यांच्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले पुढच्याच वर्षी गळाले आणि ती जमिनीवर आली, तेव्हा तिथले अभ्यासक चक्रावून गेले. आयोडीन किंवा थायरॉइडचं औषध देऊन घरी हा प्रयोग करू नये. शरीरावर त्याचा फार मोठा ताण पडतो आणि प्राणी दगावतात.

त्याचं मूळ घर मेक्सिको शहराजवळचं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. पाणी थंड, संथ आणि गढूळ. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बाकी सगळ्या अडचणी या फरकातून येतात.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. ॲक्सोलॉटलला हालचाल आणि उजेड-सावली कळते, बारकावे कळत नाहीत. पापण्या नसल्यामुळे प्रखर उजेडात त्याला डोळे मिटताही येत नाहीत. म्हणून टाकीवर तेज दिवा नको आणि अंग पूर्ण मावेल एवढी लपायची जागा हवीच. दिवसा तो तिथे पडून राहतो आणि अंधार पडला की फिरतो.

डोळ्यांची उणीव भरून काढते ती पार्श्वरेषा. डोक्यावर आणि दोन्ही कुशींवर ओळीने सूक्ष्म संवेदक असतात. पाणी जरासं हललं तरी त्यातले केस वाकतात आणि हालचाल कुठून आली ते कळतं. शिवाय डोक्यावर खड्ड्यांसारखे वेगळे संवेदक असतात. भक्ष्याच्या शरीरातून पाण्यात पसरणारं अगदी क्षीण विद्युतक्षेत्र ते टिपतात. घ्राणेंद्रियही चांगलं असतं. आता अशा प्राण्याच्या टाकीत जोरदार पॉवर फिल्टर लावला तर काय होईल? चोवीस तास त्याच्या अंगावर कुणीतरी हात फिरवत असल्यासारखं. तो कोपऱ्यात दबून बसतो, कल्ले पुढे वळवतो, खाणं सोडतो. स्पंज फिल्टर लावा, किंवा फिल्टरच्या तोंडाला छिद्रांची आडवी नळी जोडून धार काचेकडे वळवा. कल्ल्यांचे तंतू सतत एकाच दिशेला वाहत असतील तर प्रवाह अजून जास्त आहे. साउंड सिस्टीम आणि टाकी एका टेबलावर कधीच ठेवू नका. कानाचा पडदा नसला तरी कंपनं त्याला चांगली जाणवतात.

खाण्याची पद्धत एकदा जवळून बघण्यासारखी आहे. चिमट्यात गांडूळ धरून त्याच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर हलकंसं वळवळवा. आधी काहीच होत नाही. मग डोकं जेमतेम वळतं, आणि एकदम घशाचा तळ खाली जाऊन तोंड उघडतं. पाण्यासकट गांडूळ आत ओढलं जातं. दात बारीक असतात, ते फक्त धरण्यापुरते, चावणं नाहीच. म्हणूनच टाकीत रंगीत खडे नकोत. समोरचं सगळं आत ओढणारा प्राणी खडाही गिळतो, तो आतड्यात अडकतो आणि जीव जातो. तळ उघडा ठेवा, किंवा प्राणी १५ सेंटिमीटरचा झाल्यावर एक मिलिमीटरहून बारीक वाळू घाला.

मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा, पोट डोक्याच्या रुंदीएवढं दिसेल इतकंच खायला द्या. पिल्लांना रोज लागतं. गांडुळासारखं दुसरं अन्न नाही, पण आपल्याकडे गांडूळखताच्या खड्ड्यात मिळणारी तांबडी, पट्टेवाली गांडुळं डिवचली की पिवळसर, घाण वासाचा द्राव सोडतात आणि ॲक्सोलॉटल ती थुंकून टाकतो. लोकांना वाटतं तो आजारी आहे. त्याच खतवाल्याकडे लांब, जांभळट छटेची आफ्रिकन जातही मिळते, ती मागा. शेतातली खणून आणू नका, कीटकनाशकाचा भरवसा नसतो. माशांसोबत ठेवणं तर टाळाच. मासे कल्ले कुरतडतात, आणि लहान मासा त्याच्या पोटात जातो. पिल्लंही एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून १२-१५ सेंटिमीटरपर्यंत ती वेगवेगळी वाढवा.

श्वासाच्या तीन वाटा आहेत: कल्ले, कातडी आणि फुप्फुसं. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं आणि कल्ले एकदा झटकणं हे रोजचंच आहे. मिनिटामिनिटाला वर धाव घेणं, कल्ले सारखे झटकणं किंवा ते पुढे वळवून ठेवणं हे मात्र नाही. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं असेल तर तो त्रासात आहे. असं काहीही दिसलं की औषधाकडे हात नेण्याआधी थर्मामीटर आणि पाणी तपासायचा टेस्ट किट काढा.

पाणी १६ ते १८ अंशांवर असावं, २० पर्यंत चालेल, २४ च्या वर धोका. कारण सरळ आहे. १८ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी उष्णतेने त्याच्या शरीराची गरज वाढते. सामू (पीएच) ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी वाटाही २० अंशांच्या तुलनेत ३० ला जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ऊन तीन बाजूंनी मारतं.

टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन ते चार अंश कमी होतात. इंदूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये तो छान काम करतो, पण खोलीच ३४ अंशांवर असेल तर पाणी ३० च्या खाली जाणार नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्याचा गुण आणखी घटतो, आणि वाळ्याचा कूलर चालू असलेल्या खोलीतही तेच. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान दिवसभर वरखाली होतं, ते कायमच्या उकाड्याइतकंच वाईट. मार्च ते ऑक्टोबर चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) किंवा चोवीस तास एसी परवडत नसेल तर इंदुरात ॲक्सोलॉटल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिलर स्वतः गरम हवा फेकतो, तो बंद कपाटात ठेवू नका. टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी काही तास निभावतं.

टाकी एका प्राण्यासाठी किमान ७५ लिटर. उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची. प्राणी आणण्याआधी चार ते आठ आठवडे फिल्टर चालवून अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात जमू द्या. टाकीत घातलेला २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. इथे सगळ्यांची घाई होते, आणि पहिल्या महिन्यात बरेच प्राणी याच कारणाने जातात. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास ठेवायला आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नर्मदेच्या नळाला क्लोरीन असतं, अँटी-क्लोरीन घाला, पण कोरफड घातलेलं नको. बोअरचं कडक पाणी त्याला मानवतं. मात्र पंख्याने उडालेलं पाणी भरताना आरओचं वापरा, नाहीतर क्षार साठत जातात.

घेण्याआधी कागदपत्रांचंही बघा. ही प्रजाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर तिथून घेऊ नका.

कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी. आधी पाणी थंड आणि स्वच्छ करा. मग वेगळ्या भांड्यात एक लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे आयोडीनविरहित मीठ विरघळवून दहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोनदा. दहा मिनिटांवर जाऊ नका, कातडी जळते. हाताने उचलू नका, पाण्यासकट डब्यात घ्या. तांबं किंवा मॅलकाइट ग्रीन असलेलं माशांचं औषध त्याला चालत नाही. तुटलेलं बोट, पाय किंवा कल्ल्याचे तंतू काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येतात. त्यासाठी थंड, स्वच्छ पाण्यापलीकडे काही लागत नाही.

आणि डासांचं लिक्विड त्या खोलीत लावू नका. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि त्या हवेतलं कीटकनाशक कल्ल्यांतून आणि कातडीतून थेट आत जातं. जाळी लावा.