आजोबांचं आजोळ

पणजोबा राजापूरहून मुंबईला गिरणीत आले एवढंच आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पणजी कोण, कुठली, तिचं माहेर कुठलं, हे विचारलं की बाबा गप्प व्हायचे. सासरचं नाव त्यांना पाठ, पण माहेर नाहीच. मागच्या वर्षी आत्या गेली आणि मला एकदम जाणवलं की आता विचारायला माणसंच उरली नाहीयेत, मग मी खरंच मनावर घेतलं.

सुरुवात मात्र गावापासून नाही केली, लालबागपासून केली. ज्यांचं कोकणातलं घराणं गिरणगावातून गेलंय त्यांना मी हेच सांगेन, आधी गावकीची खोली शोधा. एकेका गावाची चाळीत एक खोली असायची, तिथे गावचे पुरुष पाळीपाळीने झोपायचे, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकायची, जेवण खानावळीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक खोल्या रिकाम्या झाल्या. आमच्या गावाची खोली अजून मंडळाकडे आहे आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात वर्गणीच्या वह्या. लाल कापडी बांधणी, पानं हात लावला की कोपऱ्यातून तुटतात. 1941 च्या वहीत पणजोबांच्या नावावर आडवी रेघ आणि पुढे बारीक अक्षरात, "मयत. गावी बायकोस पाठविले रु. 11". मी ते पान बाबांना दाखवलं तर ते किती तरी वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसले होते.

मग दादरहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून राजापूर. (पणजोबा आले तेव्हा भाऊच्या धक्क्याला उतरायची बोट, पावसाळ्यात तीही बंद, कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला 1998 उजाडलं.) तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, आजोबांच्या जन्माची नोंद हवी म्हणून. जुनी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात असते, म्हणजे गाव नमुना 14, आणि त्या काळातलं बरंचसं मोडीत. कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना सगळीकडे मागणी आहे, आम्हाला एक निवृत्त गुरुजी मिळाले, त्यांनी आमच्या गावाची सहा वर्षांची पानं बोट फिरवत वाचली. आजोबा नाहीत. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या नोंदी आहेत, आजोबांचीच नाही. मी पार हिरमुसले, वाटलं पान फाटलं असेल नाहीतर वाळवीने खाल्लं असेल.

संध्याकाळी वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकींकडे चहाला गेलो, नव्वदीच्या आहेत, ऐकायला कमी येतं. बाबांनी पणजीचं नाव जोरात सांगितलं तरी त्यांना ओळख पटेना. मग बाबा म्हणाले, अहो, गिरणीवाल्याची बायको. "ती होय, पाचलीण!" काकी लगेच म्हणाल्या. "तिला नावाने कोण हाक मारी?"

पाचलीण, म्हणजे पाचलची. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती, हे मला माहीतही होतं, पण शोधताना डोक्यात आलंच नाही. कागदावर बाईला सासर आहे, माहेर नाही. ते असं हाकेत राहिलं होतं, आणि ती हाक आठवणारं माणूस त्या वाडीत एकच उरलं होतं.

आणि रात्री झोप येईना तेव्हा दुसरी गोष्ट सुचली. आजोबा थोरले. पहिलं बाळंतपण माहेरी! मग नोंद आमच्या गावात मिळेलच कशी?

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दारात. पाचल राजापूर तालुक्यातच, अणुस्कुरा घाटाच्या वाटेवर, त्यामुळे दप्तर तिथेच होतं. गुरुजींनी दुसऱ्याच वर्षाच्या पानावर बोट थांबवलं आणि सावकाश वाचलं, बापाचं नाव, बापाचं गाव आमचं, मूल "मुलगा". बाळाचं नाव नाही, आईचं तर नाहीच. पण बाप मुंबईत आणि मुलगा पाचलला जन्मलेला, एवढं लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं होतं आणि शंभरेक वर्षं ते कागदावर टिकलं. मला रडू आवरेना, गुरुजींनी पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारच्या एसटीने पाचलला जायचं ठरलं. तिथे कुणाच्या घरी जायचं, आडनाव काय, काही माहीत नव्हतं. स्टँडवर गाडी लागली तरी बाबा कुठे दिसेनात, वय चौऱ्याहत्तर, मी घाबरले. तर ते समोरच्या दुकानातून येत होते, हातात नारळ आणि अर्धा किलो खाजा. म्हणाले, "आजोळी रिकाम्या हाताने जात नाहीत गं."