उलटा 'श'

आठवी 'ब'त असताना चित्रकलेच्या सरांनी एकदा तळहाताएवढे तपकिरी लिनोलियमचे, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या जाड आच्छादनाचे, तुकडे वाटले. ते आधी प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर उन्हात ठेवायचे आणि मऊ पडले की कोरायला घ्यायचे. "कोरणी अंगापासून लांब ढकला, दुसरा हात तिच्यापुढे आणू नका," असं सर दर तासाला बजावत. तरीही माझा अंगठा कापलाच. व्रण अजून आहे.

मी शाळेच्या नावातला 'श' कोरला होता. रोलरने शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलून पाहतो तर 'श' उलटा! मला रडूच आलं. सर शेजारी येऊन बसले. "आता पुन्हा कोर. आणि ध्यानात ठेव, कोरून काढशील ते पांढरं. काळं हवं तेवढंच शिल्लक ठेवायचं."

त्याच तासाला त्यांनी चित्तप्रसाद हे नाव सांगितलं. लिनोकटमधला, म्हणजे असं लिनोलियम कोरून छापलेल्या चित्रांमधला, हा फार मोठा माणूस आपल्या शाळेपासून तीन स्टेशनांवर, अंधेरीत, कित्येक वर्षं राहिला. जात नको म्हणून त्याने भट्टाचार्य हे आडनावच टाकून दिलं होतं. आमच्या हजेरीपटात आडनाव आधी यायचं, त्यामुळे हे ऐकून सगळा वर्ग गप्प झाला होता.

पुढे नोकरीनिमित्त मी दिल्लीत गेलो. २०११ साली हौज खासमधल्या दिल्ली आर्ट गॅलरीत चित्तप्रसादांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. १९१५चा जन्म, १९७८ला मृत्यू. म्हणजे सरांनी आम्हांला नाव सांगितलं तेव्हा त्यांना जाऊन काहीच वर्षं झाली होती. बंगालच्या दुष्काळात, १९४३ साली, ते मिदनापूर जिल्ह्यात हिंडले. उपाशी माणसांसमोर बसून त्यांनी काळ्या शाईने चित्रं काढली. त्या चित्रांची पुस्तिका छापली गेली ती आपल्या मुंबईत. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत बचावली, म्हणून ती चित्रं आज छापील रूपात पाहता येतात. बरगड्या, भांडी, वाट पाहणारे डोळे... त्या चित्रांपुढे मला फार वेळ उभं राहवलं नाही.

लिनोकटांपाशी मात्र पाय निघेना. मजुरी करणाऱ्या मुलांची ती मालिका. लांबून दिसतो तो नुसता काळा ठसा, त्यात मुलाचा चेहरा. जवळ गेलं की कळतं, गालावरचा उजेड म्हणजे कोरणीच्या बारीक बारीक फटकाऱ्यांची रांग आहे. प्रत्येक फटकारा सुरुवातीला रुंद आणि शेवटी निमुळता. म्हणजे कोरणी कुठे टेकली आणि कुठून उचलली, हे सगळं वाचता येत होतं. असं चित्र वाचायला मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. या शाळेच्या ओट्यावरच मी ते शिकलो.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढे होते. मी काय काय पाहिलं ते भरभरून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काळा सगळीकडे सारखा बसलाय का रे? की मधे कागदाचे दाणे दिसतात?"

मला सांगता येईना. फोन तसाच चालू ठेवून मी परत आत गेलो.